शाळा म्हणतेय यंदापासून पुस्तकं टॅबवर. छापील की डिजिटल, तुमच्याकडे काय चाललंय?

पाऊसवेडी
मुलगा यंदा नववीत जातोय, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. शाळेचं नाव इथे लिहीत नाही. एप्रिलमध्ये पालकांना सूचना आली की जूनपासून वर्गात छापील पुस्तकं आणायची नाहीत, प्रत्येकाने टॅब घ्यायचा आणि शाळेने ठरवलेल्या ॲपची वर्षाची फी भरायची, त्यात पाठ्यपुस्तकं, स्वाध्याय, व्हिडिओ, चाचण्या सगळं असणार. कारण दिलंय दप्तराचं ओझं. ओझ्याचा प्रश्न खोटा नाहीये, २०२० च्या केंद्राच्या धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं आहे आणि आमच्याकडे ते रोज मोडलं जातं हे मला मान्य आहे. पण म्हणून पुस्तकच काढून घ्यायचं हे काही केल्या पटत नाहीये. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. तिथे "आमच्या वेळी असं नव्हतं" एवढंच बोलून बसायचं नाहीये मला, नीट मुद्दे घेऊन जायचंय. ज्यांच्या मुलांनी टॅबवर अभ्यास केलाय, जे शिकवतात, ज्यांना यातलं कळतं, सगळ्यांनी लिहा प्लीज.

टेकडीपलीकडे
माझं मत थोडं उलटं आहे, आधीच सांगतो. मी आयटीत आहे म्हणून नाही, मुलीचा अनुभव बघून सांगतोय. दहावीला विज्ञान भाग १ मध्ये प्रकाशाचं अपवर्तन आणि भिंगं असे दोन धडे आहेत. पुस्तकात किरणाकृती आहेत पण त्या जागच्या हलत नाहीत ना. स्क्रीनवर वस्तू भिंगाच्या जवळ सरकवली की प्रतिमा कशी लांब जाते, मोठी होते, मग एका ठिकाणी वास्तव प्रतिमेची आभासी होते, हे तिने स्वतः बोटाने सरकवून बघितलं आणि तो धडा तिला परत समजावून सांगावा लागला नाही. शोध घेता येतो, अक्षर मोठं करता येतं, चुका दुरुस्त करून लगेच नवी आवृत्ती देता येते. छापील पुस्तकात चूक असली तर ती वर्षभर तशीच, मग शुद्धिपत्रक कोणाला मिळतं कोणाला नाही. त्यामुळे सरसकट विरोध करू नका एवढंच म्हणणं.

पाऊसवेडी
@टेकडीपलीकडे, भिंगाचं पटलं, अगदी पटलं. पण शाळेच्या डेमोमध्ये मी जे बघितलं त्यात असं हलणारं काही नव्हतं हो. पुस्तकाचं पान जसंच्या तसं स्क्रीनवर. बाजूला काही व्हिडिओच्या लिंका.

निंबोणी
मी अध्यापक विद्यालयात शिकवते, वाचन हा माझा विषय, म्हणून जरा लांब लिहिते.

कागदावर वाचलेलं जास्त कळतं का स्क्रीनवरचं, यावर बरंच संशोधन झालंय आणि ते "कागद चांगला, स्क्रीन वाईट" इतकं सोपं नाही. २०१८ मध्ये पाब्लो डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी आधीचे ५४ अभ्यास एकत्र करून तपासले, २००० ते २०१७ मधले, मिळून १,७०,००० च्या वर वाचक. त्यात कागदावर वाचणाऱ्यांचं आकलन सरस निघालं. फरक अवाढव्य नाही पण पक्का आहे. महत्त्वाचं म्हणजे तो कुठे दिसतो. गोष्टीच्या मजकुरात फरक जवळजवळ नाही. माहितीच्या मजकुरात आहे, म्हणजे आपल्या विज्ञान, इतिहास, भूगोलाच्या धड्यांसारख्या मजकुरात. आणि वेळ मोजून दिला की फरक वाढतो. आणखी एक, नवीन पिढी स्क्रीनवरच वाढली म्हणजे हा फरक आपोआप मिटेल असं सगळे धरून चालतात, तसं दिसलं नाही, उलट अलीकडच्या अभ्यासांमध्ये तो वाढलेला होता.

त्याच्या आधी २०१३ मध्ये नॉर्वेत ॲन मँगेन यांनी दहावीच्या ७२ मुलांवर प्रयोग केला होता. एका गटाला मजकूर कागदावर, दुसऱ्या गटाला तोच मजकूर संगणकावर पीडीएफ करून. कागदवाल्यांचं आकलन चांगलं आलं. पाऊसवेडी, तुमची शाळा देतेय ते नेमकं हेच आहे, पानाची पीडीएफ.

कारण काय याबद्दल माझं निरीक्षण असं. पुस्तकात मुलाला जागा आठवते, "डाव्या पानावर खाली चौकट होती त्यात होतं". मागे जाऊन बघायला एक बोट पानात अडकवून ठेवता येतं. स्क्रीनवर मजकूर वर सरकत राहतो, जागा धरता येत नाही, शिवाय त्याच उपकरणावर आपण सगळे भरभर नजर टाकायला शिकलोय, ती सवय अभ्यासातही येते. आपल्याला कळलंय असा समज होतो आणि प्रश्न विचारला की फुटतो.

अकरावीवाला
मी विद्यार्थी आहे म्हणून लिहितो, सगळे पालकच बोलताहेत. मी सायन्सला आहे, स्टायलस असलेला टॅब वापरतो, आणि मला तो लागतोच. एमएचटी सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर असते, जेईई मेन पण कॉम्प्युटरवर, मग स्क्रीनवर प्रश्न वाचून बाजूच्या कागदावर गणित करायची प्रॅक्टिस नको का? टेस्ट सिरीज सगळ्या ऑनलाइन. एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफ फुकट आहेत, फिजिक्सच्या चार संदर्भ पुस्तकांचं वजन कोण उचलणार. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा धडा वाचायचा असतो तेव्हा मी बालभारतीचं छापील पुस्तकच घेतो आणि पेन्सिलीने खुणा करतो. बोर्डाची परीक्षा कागदावर आहे, मेडिकलची नीट (NEET) पण अजून कागदावर आहे. टॅबवर वाचायला बसलं की वरून नोटिफिकेशन येतं आणि एकदा उचललं की गेलं, मी ते बंद करून ठेवतो तरी हात जातो. नववीच्या मुलाला पूर्ण टॅबवर टाकणं मला चुकीचं वाटतं, आम्हाला झेपत नाही तर त्यांना कसं झेपेल.

घाटमाथा
+१ अकरावीवाला. हे पालकसभेत वाचून दाखवा ताई.

दहावीच्या भूगोलाचं उदाहरण मी देतो. ते सगळं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर आहे, नकाशे, आलेख, तक्ते. लॉकडाऊनमध्ये माझ्या पुतणीने ते मोबाईलवर वाचलं. एक नकाशा मोठा केला की दुसरा स्क्रीनबाहेर, सूची बघायला खाली जायचं की नकाशा गेला. शेवटी आम्ही ती पानं झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली आणि जमिनीवर शेजारी शेजारी मांडली. त्या वर्षी बारावीचा अभ्यासक्रम पण नवीन होता, २०२०, पुस्तकं दुकानात यायच्या आधी पीडीएफ आल्या, त्या वेळी त्या पीडीएफ होत्या म्हणून मुलांचं वर्ष सुरू तरी झालं हे विसरून चालणार नाही. अडीअडचणीला पीडीएफ पाहिजेच. अडचण संपल्यावर पण तीच का पाहिजे हा प्रश्न आहे.

बालाघाट
मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडचा विषय तुमच्यापेक्षा वेगळाय पण सांगतो.

आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत तिकडंच. काही लेकरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीआजोबांजवळ राहतात, काही आईबापासोबत जातात. जाताना आम्ही सांगतो पुस्तकं बरोबर न्या. कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, लाइट नसते, मोबाईल एकच आणि तो बापाजवळ कारण मुकादमाचा फोन कधी पण येतो, चार्जिंगला गावात जावं लागतं. तिथं पुस्तक उघडलं की उघडलं. पोरगी सकाळी लहान भावाला सांभाळता सांभाळता चार ओळी वाचते त्या पुस्तकातनंच वाचते. पहिली ते आठवी सरकारकडून पुस्तक फुकट मिळतं म्हणून ते तिच्या हातात आहे. उद्या कुणी म्हणलं पुस्तकं बंद, सगळ्यांना लिंक पाठवू, तर आमच्या लेकरांची शाळा त्या दिवशी सुटली म्हणून समजा.

अन मी डिजिटलच्या विरोधात नाही बरं का. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकात क्यूआर कोड टाकायचं सुरू केलं, मग राज्याने सगळ्याच पुस्तकांत घेतले, त्यांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. मला त्यातली हीच गोष्ट मोठी वाटते की त्यांनी पुस्तक काढून घेतलं नाही, पुस्तकातच दार उघडून दिलं. ज्याच्याकडं फोन आहे तो स्कॅन करतो, ज्याच्याकडं नाही त्याचा धडा अडत नाही.

पाऊसवेडी
बालाघाट सर, मनापासून आभार. हे माझ्या डोक्यातच नव्हतं, आम्ही टॅबचे हप्ते कसे बसवायचे याच्यावर बोलत होतो.

टेकडीपलीकडे
सर, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण आता गावात पण स्मार्टफोन पोचलेत ना? असर (ASER) या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं आलं होतं.

निंबोणी
त्याच अहवालातली पुढची ओळ पण वाचा. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के. फोन वापरता येणं आणि फोनवर अभ्यास होणं यात हे अंतर आहे. आणि वापरता येतो म्हणजे त्याचा स्वतःचा आहे असं पण नाही, बालाघाट सरांनी सांगितलं तसं घरात एक आणि तो वडिलांच्या खिशात.

उत्तरेचा_वारा
स्टॉकहोमजवळ राहतो, दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत. भारतातल्या मित्रांना वाटतं की युरोपात सगळं डिजिटल आहे म्हणून आपणही करावं, त्यांच्यासाठी लिहितो.

स्वीडनने हे सगळं आधी करून बघितलं. इथे बालवाडीत सुद्धा डिजिटल साधनं सक्तीची होती, २०१९ पासून. मग २०२३ मध्ये सरकारने दिशा बदलली. कारोलिन्स्का इन्स्टिट्यूट या इथल्या मोठ्या वैद्यकीय विद्यापीठाने डिजिटल धोरणावर कडक टीका केली होती, छापील पुस्तक आणि शिक्षकाचं ज्ञान याकडे परत वळा असं त्यांचं म्हणणं. शाळामंत्री लोट्टा एडहोल्म यांनी त्या वर्षी शाळांना पुस्तकं घ्यायला ६८.५ कोटी क्रोनर दिले, पुढच्या वर्षांसाठी पण तरतूद केली. माझ्या मुलीच्या वर्गात गणिताचं जाडजूड पुस्तक परत आलं तेव्हा तिच्या बाईंना मुलांपेक्षा जास्त आनंद झाला होता. लॅपटॉप गेलेले नाहीत, मोठ्या वर्गात आहेतच, पण पुस्तकाच्या जागी म्हणून नाहीत.

कोरियाचंही बघा. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी एआयवाली डिजिटल पाठ्यपुस्तकं शाळांत आणली, गाजावाजा खूप, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेने कायदा बदलून त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जाच काढला, आता ते पूरक साहित्य. ज्यांच्याकडे पैसा, नेटवर्क, उपकरणं सगळं आहे त्यांनी पण हे केलं.

जाता जाता, इथे घरी मराठी शिकवायला मला बालभारतीच्या फुकट पीडीएफचाच आधार आहे, पुस्तक इथे मागवणं महाग पडतं. पहिलीचं पुस्तक प्रिंट काढून, स्पायरल करून वापरतो.

ऐकून_वाचणारा
मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. मला दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली, माझ्यासाठी छापील पुस्तक म्हणजे बंद पुस्तक. ब्रेलमध्ये एका विषयाचे चार-चार खंड व्हायचे आणि सत्र अर्धं झाल्यावर मिळायचे. माझं कॉलेज डिजिटल मजकुरामुळे झालं. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे आमच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं, त्याच्या आधी २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने आमच्यासारख्यांसाठी सुलभ प्रती करायची परवानगी मिळाली, या गोष्टी आमच्यासाठी फार मोठ्या आहेत. म्हणून कोणी "डिजिटल नकोच" म्हटलं की मला त्रास होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पीडीएफ डिजिटल आहे म्हणून मला वाचता येते असं नाही! मराठीतल्या कितीतरी पीडीएफ जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात, डोळ्यांना अक्षर देवनागरी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. काही तर नुसते पानांचे फोटो, त्यात ऐकण्यासारखं काहीच नाही. ताई, तुमच्या शाळेच्या ॲपमधलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करून बघा. नीट मराठी उमटलं तर तो युनिकोड मजकूर आहे, त्यात शोध चालेल, अक्षर मोठं केलं की ओळी स्क्रीनमध्ये बसतील, शब्द ऐकता येईल. खिचडी उमटली किंवा कॉपीच झालं नाही तर टेकडीपलीकडे यांनी सांगितलेले शोध बिध सगळे फायदे त्यात नाहीत.

टेकडीपलीकडे
हे भारी सांगितलंत. मी जे बोलत होतो ते खऱ्या डिजिटल पुस्तकाबद्दल, आणि मराठीत तसं शालेय पुस्तक आत्ता जवळजवळ कोणीच देत नाहीये हे मान्य करायला पाहिजे. आपण पानाच्या फोटोला डिजिटल म्हणतोय.

पाऊसवेडी
@ऐकून_वाचणारा, आत्ताच करून बघितलं, डेमोचं लॉगिन अजून चालू होतं. कॉपी होतच नाही. पूर्ण पान चित्र आहे.

कोकणकडा_बाई
सगळ्यांचं वाचलं, छान चाललीय चर्चा. मी रत्नागिरीकडे माध्यमिकला शिकवते.

ओझ्याबद्दल लिहिते, कारण शाळेने तेच कारण पुढे केलंय. २०२३-२४ ला राज्याने दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत केली आणि आतच वहीची कोरी पानं घातली. कल्पना चांगली होती, एका वेळी एकच पातळ भाग आणायचा. पण मुलं भाग पण आणत होती आणि वेगळी वही पण आणत होती, कारण कोरी पानं पुरत नव्हती आणि शिक्षक वही मागत होते. २०२५ च्या जानेवारीत शासनाने ती कोरी पानं बंद केली. म्हणजे ओझं वहीचं, गाइडचं, क्लासच्या फाइलचं, पाण्याच्या बाटलीचं आहे आणि आपण हात घालतोय पुस्तकाला. पाठ्यपुस्तक हे दप्तरातलं सगळ्यात पातळ असतं हो, एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. वेळापत्रक नीट लावलं, वर्गात एक कपाट ठेवलं, दोघांत एक पुस्तक आणायला सांगितलं तरी ओझं उतरतं. आम्ही केलंय.

पावसात पुस्तकं भिजतात, फुगतात, बुरशी धरते, हे पण खरं. तरी वाळवून मुलं वापरतात. टॅब भिजला तर?

आणि एक, जुनी पुस्तकं. आमच्याकडे दहावीची निम्मी मुलं वरच्या वर्गाकडून पुस्तकं घेतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये जुन्या पुस्तकांसाठी काय गर्दी असते ती बघा. आधीच्या मुलीने महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केलेलं पुस्तक मिळालं की मुलं खूश असतात. ॲपची फी भरून घेतलेलं पुस्तक धाकट्या बहिणीला देता येणार आहे का?

घाटमाथा
आणि बालभारतीच्या पीडीएफ त्यांच्याच साइटवर फुकट आहेत की! ॲपमध्ये तीच पानं असतील तर वर्षाची फी कसली? व्हिडिओ आणि चाचण्यांची असेल तर तसं सांगावं, पुस्तकांच्या नावाखाली नको.

अकरावीवाला
पाऊसवेडी काकू, ज्यांना क्यूआर कोड वापरायचाय त्यांच्यासाठी: सरकारचं दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, फुकट आहे. पुस्तकातल्या कोडखाली सहा अक्षरांचा कोड छापलेला असतो, कॅमेरा खराब असेल तर तो टाइप केला तरी चालतं. व्हिडिओ वायफायवर डाउनलोड करून ठेवले की नंतर नेट लागत नाही. काही धड्यांचे व्हिडिओ चांगले आहेत, काहींचे नुसतं पान वाचून दाखवलंय, बघून निवडायचे.

बालाघाट
हे आम्ही करतो. शाळेच्या टॅबवर उतरवून ठेवतो, वर्गात एकदाच सगळ्यांना दाखवतो, मग पुस्तक उघडतो.

पाऊसवेडी
सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. आता माझं ठरलंय. सभेत मी टॅबला विरोध करणार नाही. भिंगासारखं जे कागदावर होतच नाही ते दाखवा, वर्गात दाखवा, शाळेच्या उपकरणांवर दाखवा. चाचण्या घ्या स्क्रीनवर, पुढे सीईटीला लागणारच आहे. पण धडा वाचायला प्रत्येक मुलाच्या हातात छापील पुस्तक हवं आणि ते वर्गात आणायला बंदी नको, यावर मी अडून बसणार आहे. माझ्याबरोबर आणखी काही पालक आहेत. वर्गातल्या दोन मुलांच्या घरी टॅब घेणं शक्यच नाहीये, त्यांच्या आया सभेत बोलणार नाहीत, त्यांच्या वतीने पण मीच विचारीन. निंबोणी ताई, त्या २०१८ च्या अभ्यासाबद्दल अर्ध्या पानात मराठीत लिहून द्याल का, मुख्याध्यापकांना देता येईल असं?

निंबोणी
देते की. आज रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. त्यात गोष्टींच्या पुस्तकात फरक दिसला नाही हे पण लिहिणार आहे, नाहीतर कोणी ते पुढे करून सगळंच खोडून काढेल.

ऐकून_वाचणारा
आणि तुमच्या शाळेत कमी दिसणारं एखादं मूल असेल तर त्याच्यासाठी युनिकोड मजकूर मागा, ती मागणी पण याच सभेत नोंदवा. छापील पुस्तक सगळ्यांना आणि खरा मजकूर ज्याला लागेल त्याला, या दोन्ही एकाच वेळी मागता येतात.

कोकणकडा_बाई
पाऊसवेडी, एक व्यवहाराची गोष्ट. ॲप घ्यावंच लागलं तर तीन उत्तरं लेखी घ्या: मार्चमध्ये परवाना संपल्यावर मुलाने केलेल्या खुणा आणि नोट्स उघडतील का, नेट नसताना धडा वाचता येईल का, आणि मुलाची माहिती कंपनी कोणाला देणार. तोंडी नको. सभेचं इतिवृत्त लिहितात त्यातच घालायला सांगा आणि सही झाल्यावर प्रत मागून घ्या.

पाऊसवेडी
लिहून घेतलं. सभा झाली की इथेच कळवते.